थकव्याचे टक्के

एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एकदा मी स्टॉपवॉच घरी घेऊन आले होते. आजोबांनी ते टेबलावर पाहिलं आणि विचारलं, "ह्या तुका कोणी दिल्यान?"

"कॉलेजातून मिळालंय. प्रोजेक्टसाठी."

त्यांनी ते हातात घेतलं, बटण दाबून आकडे पळताना बघितले, पुन्हा दाबून थांबवले. मग म्हणाले, "आमच्या खात्यात घड्याळवालो इलो की सगळ्यांचे हात आपसूक हळू चलत. तो गेलो की परत आपल्या चालीन." थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "आता तू घड्याळवाली."

आजोबा तेव्हा ८६ वर्षांचे होते. १९५८ मध्ये लोअर परळच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, पुढे कायम झाले, आणि १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जवळपास अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा तेही बाहेर पडले. परत आत गेलेच नाहीत. दोन वर्षांनी चाळीतली खोली सोडून आम्ही नालासोपाऱ्याला आलो. 'आम्ही' म्हणजे घर. माझा जन्म त्यानंतर बराच उशिरा झाला. गिरणगावातून विरार, नालासोपारा, डोंबिवलीकडे सरकलेली अशी शेकडो कुटुंबं तुम्हाला माहीत असतील. तुमचंही कदाचित त्यातलंच असेल.

मी शिकत होते औद्योगिक अभियांत्रिकी, त्यातही अर्गोनॉमिक्स. कुणी विचारलं की मी सांगायचे, "माणसाला कामाशी जुळवून घ्यायला लावण्याऐवजी काम माणसाशी जुळवून घेण्याचं शास्त्र." पहिल्या वर्षाच्या पहिल्याच तासाला हे वाक्य शिकवतात आणि ते ऐकायला छानच वाटतं. 'अर्गोनॉमिक्स' हा शब्द वोयचेख यास्त्शेंबोव्स्की या पोलिश निसर्गशास्त्रज्ञानं १८५७ मध्ये वापरला. ग्रीकमध्ये 'एर्गोन' म्हणजे काम आणि 'नोमोस' म्हणजे नियम. नंतर हा शब्द जवळपास विसरला गेला. १९४९ मध्ये इंग्लंडात मरेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा घडवला आणि तिथं या विषयाची संस्था उभी राहिली. परीक्षेत दोन मार्कांना येतं.

माझा प्रोजेक्ट वसई पूर्वेला होता. वसईचा इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ला, पोर्तुगीज आणि १७३९ सालचे चिमाजी अप्पा आठवतात. स्टेशनच्या पूर्वेला शेअर रिक्षात बसून गोखिवरे, सातिवली, वालीवकडे निघालात, तर दुसरीच वसई लागते. दोन्ही बाजूंना औद्योगिक वसाहती, त्यांत ओळीनं गाळे, शटरवर नाव असेलच असं नाही. आत प्रेस चालतो, प्लास्टिकचं मोल्डिंग होतं, पॅकिंग होतं. महानगरपालिका २००९ मध्ये झाली, पालघर जिल्हा २०१४ मध्ये. हे गाळे त्याच्या खूप आधीपासूनचे. मुंबईतले मोठे कारखाने बंद होत गेले तसं काम असं तुकड्यातुकड्यांनी इकडं आलं.

माझ्या गाळ्यात इलेक्ट्रिक स्विचचं पॅकिंग होतं. एका खोक्यात दहा स्विच, एक माहितीपत्रक, वर स्टिकर, झाकण बंद. अठरा माणसं, त्यांतल्या चौदा बायका, सगळ्या उभ्या. बहुतेक नालासोपारा-विरारच्या. एक मावशी तर आमच्याच गल्लीतल्या, आईबरोबर भिशीला असायच्या. मला बघून त्यांना फार बरं वाटलं. "आपली पोरगी साहेब झाली," असं त्यांनी बाकीच्यांना सांगितलं.

माझं काम होतं एका खोक्याला किती वेळ लागतो ते मोजणं, आणि टेबल, उजेड, उभं राहणं यांत काय सुधारता येईल ते सुचवणं. शेठ तरुण होता, स्वभावानं वाईट अजिबात नव्हता. तो मोठ्या कंपनीसाठी जॉबवर्क करायचा. खोक्यामागचा दर तीच ठरवायची, आणि तो दर तीन वर्षांत हलला नव्हता.

मी पाच दिवस मोजलं. काम तुकड्यांत पाडायचं, प्रत्येक तुकड्याची वेळ लिहायची, मग कामाच्या वेगाला 'रेटिंग' द्यायचं. हे रेटिंग काय प्रकरण आहे ते सांगते. समोरची बाई नेहमीच्या वेगात काम करतेय, हळू करतेय की फार झपाट्यानं, हे बघणाऱ्यानं अंदाजानं ठरवायचं आणि त्याला आकडा द्यायचा. १०० म्हणजे प्रमाण वेग. तो ओळखायला शिकवतात तो असा : साधारण उंचीचा आणि बांध्याचा पुरुष, सपाट रस्त्यावर, हातात ओझं नसताना, सरळ रेषेत ताशी ४ मैल, म्हणजे ६.४ किलोमीटर वेगानं चालतोय. सकाळी साडेआठला नालासोपाऱ्याच्या पुलावर उभं राहून मी असा माणूस शोधायचा प्रयत्न करून पाहिला आहे.

तर मोजमाप, गुणिले रेटिंग, आणि हाती आली 'मूळ वेळ' : खोक्याला १.२ मिनिटं. त्यात सवलती मिळवल्या की 'प्रमाण वेळ' होते. सवलत म्हणजे माणूस यंत्र नाही याची नोंद. तो पाणी पितो, लघवीला जातो, थकतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९५७ मध्ये कार्य-अभ्यासावर एक पुस्तक काढलं. पुढं जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्यातूनच हा विषय शिकला, आम्हीही. तिथला सवलतींचा तक्ता आम्हाला पाठ असतो. वैयक्तिक गरजा : पुरुषांना ५ टक्के, स्त्रियांना ७. मूलभूत थकवा : दोघांनाही ४. उभं राहून काम : पुरुषांना २, स्त्रियांना ४. पुढं उजेड, आवाज, ओझं, अगदी कामाच्या कंटाळवाणेपणालाही रकाना आहे.

मी काटकसरीनं धरलं. ७ अधिक ४ अधिक ४, एकूण १५ टक्के. १.२ मिनिटांचे झाले १.३८. आठ तासांत म्हणजे ४८० मिनिटांत खोकी साधारण ३४८. बायका तेव्हा सरासरी ३४० काढत होत्या. म्हणजे सगळं ठीकच चाललं होतं. अहवालात मी दोन्ही आकडे लिहिले, मूळ वेळही आणि प्रमाण वेळही. पुस्तकात तसंच लिहायला सांगितलंय.

शेठनं अहवाल वाचला आणि हिशेब केला. "हे १५ टक्के म्हणजे दिवसाला तासभर झाला ना?"

झालाच होता. ६२ मिनिटांच्या वर.

"म्हणजे रोज एक तास फुकट?" मग त्यानं १.२ नं ४८० ला भागलं. पुढच्या सोमवारी भिंतीवरच्या बोर्डवर आकडा होता ४००.

मी तेव्हा त्याला एवढंच म्हणू शकले की तसं करता येत नाही, तक्त्यात आहे. त्यानं अगदी साधा प्रश्न विचारला : तक्ता कुणी केला? मला सांगता आलं नाही. पुस्तकात आहे, एवढंच मला ठाऊक होतं. पुढचे काही महिने मी ते शोधत बसले.

शोधताना पहिल्यांदा लागला अमेरिकेतला फ्रेडरिक टेलर. औद्योगिक अभियांत्रिकीच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात तो असतोच. बेथलेहेम स्टीलमध्ये एक मजूर दिवसाला साडेबारा टन कच्चं लोखंड उचलत होता. टेलरनं त्याच्या हालचाली आणि विश्रांती घड्याळावर बसवून ते ४७ टनांवर नेलं, आणि मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ वर. काम जवळजवळ चौपट, पगार दीडपटीच्या थोडा वर. हे उदाहरण आमच्या वर्गात कौतुकानं सांगितलं गेलं आणि आम्ही वहीत उतरवून घेतलं.

टेलरचं प्रसिद्ध पुस्तक १९११ चं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउन इथल्या सरकारी शस्त्र कारखान्यात साचे ओतणाऱ्या कामगारांनी स्टॉपवॉचविरुद्ध संप केला. प्रकरण अमेरिकन संसदेपर्यंत गेलं, चौकशी झाली, टेलरची साक्ष झाली. १९१५ पासून लष्कराच्या खर्चाच्या विधेयकात एक कलम घातलं जाऊ लागलं : या पैशातून पगार मिळणाऱ्या कामगारावर कुणी घड्याळ लावायचं नाही. ते कलम १९४९ पर्यंत टिकलं. मी वर्गमैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा तिला खरंच वाटेना. आपण ज्या विषयात पदवी घेतोय त्याचं मुख्य हत्यार अमेरिकेत काही ठिकाणी चौतीस वर्षं बेकायदा होतं.

थकव्याला स्वतंत्र विषय मानण्यात मोठा वाटा लिलियन गिलब्रेथचा. नवरा फ्रँक गवंडीकामातून वर आलेला. विटा रचण्याच्या १८ हालचाली त्यानं पाचाच्या आत आणल्या. लिलियननं १९१५ मध्ये ब्राउन विद्यापीठातून डॉक्टरेट केली आणि १९१६ मध्ये दोघांचं 'फटीग स्टडी' हे पुस्तक आलं. कामगाराला बसायला खुर्ची कशी हवी, कधी बसू द्यावं, याचा त्यांनी बारकाईनं विचार केला होता. खुर्चीसारख्या साध्या गोष्टीवर कुणीतरी गंभीरपणे विचार केला होता, हे मला टेलरच्या टनांपेक्षा जास्त उपयोगी वाटलं.

आता मुंबई. १९२६-२७ च्या सुमारास सासून समूहाच्या गिरण्यांत 'एफिशियन्सी' पद्धत आली. साचेवाला म्हणजे माग चालवणारा विणकर दोन साचे बघायचा, त्यानं आता तीन बघावेत. सूतकताईतल्या माणसानं फ्रेमची एक बाजू बघायच्या ऐवजी दोन्ही बघाव्यात. आजोबांना मी हे वाचून दाखवलं तर त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "एक मानूस चार साचे सांभाळूक लागलो, तर बाकीचे खय गेले?" एवढंच म्हणाले. १९२८ च्या एप्रिलअखेर गिरण्या बंद पडल्या त्या ऑक्टोबरपर्यंत. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर होते. याच संपात मे महिन्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. संप मिटला तो न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमून. मुंबईत कामाचा भार किती असावा यावर कामगार आणि मालक दोघांनीही एका समितीपुढं बसून बोलावं, हे तिथं घडलं.

पण याच संपातली एक गोष्ट आमच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही, आणि माझ्या मते अर्गोनॉमिक्सच्या प्रत्येक वर्गात ती पहिल्या दिवशी शिकवायला हवी.

मागावर आडवा धागा नेणारा असतो तो धोटा. धोट्यातली कांडी संपली की नवी बसवायची, आणि तिच्या धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. त्या काळच्या धोट्यात हे करायची रीत म्हणजे भोकाला तोंड लावून धागा ओढून घेणं. विणकर दिवसभर हे करायचा, आणि तोच धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडाला. फुप्फुसात कापसाची धूळ आणि एकाचा आजार दुसऱ्याला, हे उघड आहे. मॅसॅच्युसेट्सनं असे धोटे कायद्यानं बंद केले तेही १९११ सालीच. घड्याळाविरुद्धचा संप आणि धोट्याविरुद्धचा कायदा एकाच राज्यात, एकाच वर्षी.

मुंबईत या तोंडानं ओढायच्या धाग्याला आणखी एक अर्थ होता. विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथं अस्पृश्य कामगाराला घेतलं जात नव्हतं. कारण सांगितलं जायचं की त्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावेल? डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न पुढं आणला आणि विणकाम खातं सगळ्यांना खुलं करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यावी असा आग्रह धरला. संपाच्या नेत्यांना ते सहजी पटलं नव्हतं.

हाताने धागा ओवायचे धोटे तेव्हा जगात होते. एका लाकडी अवजाराचं भोक बदललं असतं, तर फुप्फुसं वाचली असती आणि जातीसाठी पुढं केलेलं ते कारणही उरलं नसतं. आम्ही 'हत्याराची रचना' या पेपरात मुठीचा व्यास आणि मनगटाचा कोन शिकतो. कुठलं हत्यार कुणाला कामाबाहेर ठेवतं, हे तिथं विचारलंच जात नाही.

आजोबा साचेवाले होते. तीस वर्षांनंतरची गोष्ट असली, तरी त्यांना त्या खात्यात घेताना जात आड आली नाही, कारण ती आड येणाऱ्यातली नव्हती. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. इथं लिहितेय.

माझ्या १५ टक्क्यांच्या सगळ्यात जवळ जाणारं साल सापडलं ते १९५७. त्याआधी १९५२ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं एक पथक भारतात आलं होतं. कापडगिरण्यांत आणि अभियांत्रिकी कारखान्यांत त्यांनी कार्य-अभ्यासाची प्रात्यक्षिकं केली, १९५४ मध्ये मुंबईत उत्पादकता केंद्र सुरू झालं. म्हणजे घड्याळ आता एखाद्या गिरणी मालकाच्या हातातून सरकारच्या हातात आलं होतं. जुलै १९५७ मध्ये दिल्लीत पंधरावी भारतीय कामगार परिषद भरली. कामगारमंत्री होते गुलझारीलाल नंदा, अहमदाबादच्या मजूर महाजनात वर्षानुवर्षं काम केलेले. सरकार, मालक आणि कामगार संघटना तिघंही तिथं होते.

ही परिषद लक्षात राहते ती किमान वेतनाच्या सूत्रामुळं. एका कमावत्यावर ३ एककांचं कुटुंब, डॉ. आयक्रॉइड यांच्या हिशेबानुसार माणशी २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, इंधन. बायकोची कमाई हिशेबात धरायची नाही. कामगाराच्या शरीराला दिवसाला किती जळण लागतं ते मोजून त्यावरून पगार ठरवायचा, असा विचार इथं झाला.

त्याच परिषदेत यांत्रिकीकरण आणि कार्यभार यांवरही एकमत झालं, ते मात्र फारसं कुणाला आठवत नाही. तीन अटी होत्या. असलेल्या कामगारांची कपात करायची नाही आणि त्यांची कमाई घटता कामा नये. जो फायदा होईल तो मालक, कामगार आणि समाज यांच्यात न्याय्यपणे वाटायचा. आणि तिसरी अट : कार्यभाराचं मोजमाप दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञानं करायचं आणि कामाची परिस्थितीही सुधारायची.

ही तिसरी अट वाचली तेव्हा मी विरार लोकलमध्ये होते, फोनवर पीडीएफ मोठी करून वाचत होते. दोन्ही बाजूंना मान्य असलेला तज्ज्ञ. मला गाळ्यात शेठनं येऊ दिलं होतं. चौदा बायकांपैकी एकीलाही कुणी विचारलं नव्हतं की ही मुलगी तुमचं काम मोजणार आहे, चालेल का? मीही विचारलं नव्हतं. मावशींना आनंद झाला होता, तेवढ्यावर मी संमती धरली.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं मुंबईत या विषयाची घरं बांधण्याची. शीवला केंद्रीय श्रम संस्था : कामकाज १९५९ पासून, आताच्या इमारतीत १९६६ पासून. औद्योगिक शरीरक्रियाशास्त्राचा विभाग तिथं आहे. कामगाराच्या हृदयाचे ठोके आणि श्वास मोजून कामाचा भार ठरवायचा, हे तिथलं काम. पवईला विहार तलावाच्या काठी १९६३ मध्ये 'निटी' सुरू झाली, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीतून. औद्योगिक अभियांत्रिकीचं पदव्युत्तर शिक्षण म्हटलं की पन्नासेक वर्षं तिचंच नाव निघायचं. २०२३ मध्ये ती आयआयएम मुंबई झाली. नाव बदललं तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळे अभिनंदन करत होते. मला 'औद्योगिक' हा शब्द गेल्याचं थोडं वाईट वाटलं. आयआयटीत १९६९ पासून औद्योगिक रचना केंद्र आहे. आणि भारतीय शरीरांची मापं एकत्र देणारं देबकुमार चक्रवर्तींचं पुस्तक अहमदाबादच्या एनआयडीनं १९९७ मध्ये काढलं. तोवर आपल्याकडची बरीच टेबलं, खुर्च्या, यंत्रं परदेशी मापांवर बेतलेली होती. गाळ्यांतली तर आजही असतात, किंवा कुठल्याच मापावर नसतात.

माझ्या गाळ्यातलं टेबल ९५ सेंटीमीटर उंच होतं. कधीतरी एका मशीनखालचं म्हणून बनवलेलं. बायकांच्या कोपरांची उंची मी मोजली, बहुतेकींची ९३ ते ९७ च्या मध्ये. हलक्या कामाला हात ठेवायची पातळी कोपरापेक्षा १० ते १५ सेंटीमीटर खाली हवी. इथं ती कोपराएवढी होती, त्यावर खोक्याची उंची. दिवसभर खांदे वर ओढलेले. त्यावर बायकांनी स्वतःच तोडगा काढला होता. पुठ्ठ्याची खोकी चपटी करून, एकावर एक ठेवून त्या त्यावर उभ्या राहायच्या. संध्याकाळपर्यंत पुठ्ठा दबून जायचा, दुसऱ्या दिवशी नवा. मी अहवालात लाकडी फळीचा १५ सेंटीमीटरचा पाट सुचवला आणि तो माझा शोध म्हणून लिहिला.

कारखाने कायद्याचं कलम ४४ सांगायचं की उभ्यानं काम करणाऱ्यांना, कामात खंड पडेल तेव्हा बसता येईल अशी सोय हवी. १९४८ चा कायदा होता. दुकानांतल्या विक्रेत्यांना बसायचा हक्क मिळायला केरळमध्ये २०१८ आणि तमिळनाडूत २०२१ उजाडलं. पण कायदा लागू व्हायला आधी ती जागा 'कारखाना' ठरावी लागते. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी त्यासाठी १० कामगार पुरत. २०२० च्या संहितेनं हा आकडा २० केला. माझ्या गाळ्यात अठरा होते.

बोर्डवर ४०० लागल्यानंतर दीड महिन्यानं मी परत गेले, पाट बसवल्यावर काय फरक पडला ते मोजायला. पाट बसवले होते, शेठनं शब्द पाळला. खांदेदुखीच्या तक्रारी कमी झाल्या होत्या. आकडा मात्र पूर्ण होत नव्हता. होईपर्यंत थांबावं लागे, त्याचा जादा पैसा नव्हता. सहाची सुट्टी पावणेसातवर गेली होती.

मावशी माझ्याशी नीट बोलल्या, चहा पाजला. त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली भरलेलीच होती. चार वाजले होते. मी विचारलं तर म्हणाल्या, "सकाळपासून नाही पीत गं. प्यायलं की जावं लागतं. ते केवढं लांब." संडास वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला होता, सगळ्या गाळ्यांना मिळून एकच. दोन जणींना लघवीची जळजळ सुरू झाली होती. माझं नाव कुणी घेतलं नाही. बोर्डवरचा आकडा कुठून आला हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी रिक्षात एक डिलिव्हरीवाला मुलगा शेजारी होता, गाडी पंक्चर म्हणून. त्याच्या फोनवर एक गोल हळूहळू कमी होत होता, किती मिनिटं उरली ते दाखवणारा. आजोबांच्या काळात घड्याळवाला दिसायचा तरी, त्याला बघून हात हळू करता यायचे. या गोलापुढं हळू होऊन काय उपयोग? आणि त्याच्या सात मिनिटांत पाणी प्यायचे किती सेकंद धरलेत, हे तो विचारणार कुणाला?

मी शेठकडं पुन्हा गेले. या वेळी तक्ता नेला नाही. ४०० लागल्यापासूनची परत आलेली खोकी नेली : स्टिकर तिरका, एक स्विच कमी, माहितीपत्रक नाही. त्याच्याच रजिस्टरमधून काढलेले आकडे होते. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मला कंपनी दर वाढवून देत नाही, मॅडम. तुम्ही तिकडं जाऊन मोजा ना." त्याचंही खरंच होतं, तिथं घड्याळ घेऊन कुणी जात नाही. बोर्डवर त्यानं ३७० केलं. माझ्या हिशेबापेक्षा बावीस जास्त.

घरी आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पाणी पिऊक वेळ धरलं हतंस मा?"

धरला होता. सात टक्क्यांत.

प्रबंधात शेवटी मी एक जास्तीचं परिशिष्ट जोडलं. तज्ज्ञ मान्य आहे का हे या वेळी चौदाही जणींना विचारून, त्यांच्या सोबत मोजलेलं. आमच्या मार्गदर्शकांनी ते काढ म्हणून सांगितलं नाही, ठेव म्हणूनही नाही. पहिल्या ओळीत आहे : गाळ्यापासून संडासापर्यंत जाणं, येणं आणि हात धुणं, ६ मिनिटं ४० सेकंद. सात टक्क्यांची दिवसाला साधारण २९ मिनिटं होतात. त्यात अशा चार फेऱ्या बसतात, रांग नसेल तर.